सकळ लिपीचे कुलूप

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी वर्गात शिरलो, तेव्हा फळ्यावर तीनच शब्द लिहिलेले होते : 'काज पाल माही'. मागच्या बाकांवर दबलेले हसू होते. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यातील आमच्या महाविद्यालयात पावसाळ्यात एसटी चुकल्या की निम्मा वर्ग रिकामा असतो. त्या दिवशीही होता. मला अर्थ लागायला अर्धे मिनिट लागले, आणि त्या अर्ध्या मिनिटाचा आनंद मुलांनी पुरेपूर घेतला. फळ्यावर लिहिले होते : 'आज तास नाही'.

दोष माझाच होता. आदल्या आठवड्यात मध्ययुगीन मराठी वाङ्मयाच्या तासाला, महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांकडे वळण्यापूर्वी, मी वर्गाला 'मूलदेवी' शिकवली होती. वात्स्यायनाने 'कामसूत्रा'त चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे, तिच्यात 'म्लेच्छितविकल्प' नावाची एक कला आहे. शब्द नेहमीचेच, पण अक्षरे अशी फिरवायची की तिऱ्हाइताला ते परक्या भाषेसारखे वाटावेत. या कलेचे प्रकार यशोधराने आपल्या 'जयमंगला' टीकेत सांगितले आहेत. त्यांपैकी मूलदेवीमध्ये अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असतात आणि जोडीतील अक्षरे एकमेकांच्या जागी येतात : अ आणि क, ख आणि ग, घ आणि ङ, च आणि ट, ञ आणि ण, त आणि प, न आणि म, य आणि श, र आणि ष, ल आणि स. उरलेली अक्षरे जशीच्या तशी. मात्रा मूळ जागी ठेवून आम्ही ती मराठीला लावून पाहिली. शहापूरचे 'यहातूष' झाले, मुरबाडचे 'नुषबाड', आणि माहुली किल्ल्याचे 'नाहुसी'. यशोधराचा काळ सामान्यतः तेरावे शतक मानतात. म्हणजे गोदाकाठी चक्रधरस्वामी मराठीत बोलत होते, साधारण त्याच शतकात संस्कृत टीकाकार हा खेळ नागरकाच्या करमणुकीची एक कला म्हणून नोंदवीत होता. या दोन गोष्टी पुढे एकमेकींजवळ येतात, म्हणून मूलदेवीपासून आरंभ केला.

मुलांना हे फारसे नवे वाटले नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते. 'च'ची भाषा कोणत्या मराठी मुलाने बोललेली नाही? पहिले व्यंजन उचलून शब्दाच्या शेवटी ठेवायचे आणि रिकाम्या जागी 'च' बसवायचा : शहापूर 'चहापूरश', मुरबाड 'चुरबाडम', मला 'चलाम'. मोठ्यांसमोर गुपित बोलण्याचे हे साधन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि गंमत अशी की ज्या मोठ्यांपासून लपवायचे, त्यांनीही लहानपणी तीच भाषा वापरलेली असते. आमच्या वर्गातील एका ठाकर विद्यार्थ्याने वेगळीच गोष्ट सांगितली. कल्याणच्या वसतिगृहात असताना त्यांना कोणतीही सांकेतिक भाषा करावी लागली नाही. घरची बोली बोलायला सुरुवात केली की भोवतालच्या मुलांना काही कळत नसे. हे ऐकून वर्ग हसला. मला मात्र त्यात हसण्यासारखे थोडेच दिसले. जी बोली आम्ही 'बोलीभाषांचा अभ्यास' या प्रकरणात चार गुणांसाठी शिकवतो, ती तिच्या बोलणाऱ्याला शहरात गुप्त भाषा म्हणून उपयोगी पडते!

तर प्रश्न असा की ही अक्षरांची अदलाबदल कितपत टिकते? वर्गात आम्ही तो प्रयोग करून पाहिला. निम्म्या वर्गाने आपल्या मनाने जोड्या ठरवून एक परिच्छेद लिहिला, उरलेल्या निम्म्याने तो फोडला. दोन तासिका पुरल्या. मराठीसारख्या भाषेत मात्रा फार चुगली करतात. अक्षर बदलले तरी काना, वेलांटी, अनुस्वार जागेवरच राहतात. शब्दांच्या शेवटी तेच एक काना दिलेले अक्षर वारंवार दिसले की 'ला' किंवा 'चा' मनात येतो. दोन अक्षरांचा, पहिल्या अक्षराला काना आणि दुसऱ्याला मात्रा असलेला शब्द वाक्याच्या अखेरीस पुनःपुन्हा आला की तो 'आहे' असणार, हे दहावी झालेल्या मुलालाही सुचते. कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून गुप्त मजकूर उलगडण्याची रीत बगदादच्या अल्‌-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवली होती. आमच्या मुलांनी अल्‌-किंदीचे नाव ऐकलेले नव्हते. त्यांना ते नाव लागलेही नाही.

मग अशी सोपी कुलपे शतकानुशतके बंद कशी राहिली? याचे उत्तर मला ग्रंथात मिळण्याआधी म्हशाच्या जत्रेत मिळाले, असे म्हटले तर ते अगदीच खोटे ठरणार नाही.

मुरबाड तालुक्यातील म्हसा गावी पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते. घोंगड्यांसाठी ती प्रसिद्ध आहे आणि त्याहून अधिक बैलबाजारासाठी. तेथे दोन माणसे समोरासमोर उभी राहतात, हातांवर उपरणे किंवा टॉवेल टाकतात, आणि त्याखाली एकमेकांची बोटे धरतात. तोंडाने चाललेले असते बैलाचे वय, दात, चाल, पाऊसपाणी. किंमत बोटांत असते. एक बोट धरले तर एक, दोन धरली तर दोन, पंजा धरला तर पाच. हे एक म्हणजे शंभर की हजार, हे बैलाकडे पाहूनच दोघांना ठाऊक असते. भोवती दहा माणसे उभी असतात, त्यांना सौदा चालू आहे एवढे दिसते, आकडा दिसत नाही. येथे संकेत जवळजवळ नाहीच. एक म्हणजे एकच. लपवलेले आहे ते केवळ हातांचे बोलणे. तरीही हा व्यवहार चालतो, कारण तो झाकणारा कपडा ओढून काढायचा नाही, हा बाजाराचा रिवाज आहे.

सराफ आणि कापडव्यापारी यांची 'नंदभाषा' याच्या पुढची पायरी. तिच्यात आकड्यांना निराळी नावे असतात : आवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा, पवित्र सात, मंगी आठ, अंगुळू दहा. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना मालक आणि गुमास्ता किती कमी करायचे ते उघड बोलू शकत. मोल्सवर्थने आपल्या कोशात ही भाषा नोंदवून ठेवली, म्हणजे एकोणिसाव्या शतकातच तिचे गुपित छापून झाले. तरी ती पेढ्यांवर चालत राहिली. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला अधिक रस वाटावा अशी गोष्ट निराळीच आहे. विसोबा खेचरांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका रचनेत शंकराचे वर्णन या भाषेत केले आहे. पाच मुखे, तीन नेत्र, दहा हात हे सर्व आकडे मुळू, उधानू, अंगुळू असे येतात. पेढीवरची ही भाषा देवाच्या वर्णनाला वापरताना कवीला काय गंमत वाटली असेल, याची कल्पना करता येते.

याच मालिकेत 'करपल्लवी'चाही उल्लेख करायला हवा. अक्षरांचे आठ वर्ग हाताच्या आठ मुद्रांनी दाखवायचे, वर्गातील कितवे अक्षर ते बोटांनी, आणि मात्रा चुटक्यांनी. आमच्या एका विद्यार्थिनीने ती आठवड्याभरात आत्मसात केली आणि चाचणी परीक्षेच्या वेळी तिचा उपयोग होतो की काय अशी मला शंका आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. वरील सर्व संकेत प्रसंगापुरते आहेत. किंमत ठरली, निरोप पोचला, की त्यांचे काम संपते. चौदाव्या शतकात महानुभाव पंथाने जे केले ते याहून फार निराळे होते : त्यांनी एक संपूर्ण वाङ्मय संकेतात ठेवले. रवळोबास हे 'सह्याद्रिवर्णन' लिहिणारे कवी. सकळ लिपीचे जनकत्व त्यांच्याकडे दिले जाते. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा चिन्ह येते, आणि वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी संक्षेप असतात. पुढे पंथाच्या निरनिराळ्या शाखांत सुंदरी, अंकलिपी, सुभद्रा, वज्रलिपी अशा कितीतरी लिप्या निघाल्या. तत्त्व मात्र मूलदेवीचेच. म्हणजे नागरकाच्या करमणुकीचा खेळ जणू एका संन्यासमार्गी पंथाने शास्त्ररक्षणासाठी हाती घेतला.

यातील विसंगती आमच्या विद्यार्थ्यांना फार लवकर जाणवते, आणि ती जाणवावी अशीच आहे. चक्रधरांचे मराठीवरील प्रेम आपण सर्वच शिकवतो. त्यांच्यानंतर पंथाची धुरा वाहणारे नागदेवाचार्य संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशोबासांना अडवतात, कारण तसे झाले तर आपल्याकडच्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, ही त्यांची चिंता. म्हाइंभटांनी सुमारे १२७८ साली गावोगाव हिंडून, माणसांना विचारून विचारून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ. महदाइसेचे धवळे म्हणजे स्त्रीच्या मराठी काव्यरचनेचा आरंभ. आणि जे मराठी म्हातारीला कळावे म्हणून निवडले, तेच पुढच्या शतकात पंथाबाहेरच्या कोणालाही कळू नये अशा लिपीत गेले. एका मुलीने विचारले, "सर, मग त्या म्हाताऱ्यांचं काय झालं?" दीक्षित म्हातारीला लिपी शिकता येत होती, हे उत्तर मी दिले. ते खरे आहे, पण तिचा प्रश्न त्याने मिटला नाही, आणि माझाही मिटलेला नाही.

पंथाची बाजूही समजून घेतली पाहिजे. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत धाडींच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि आठवणींवरून पाठ पुन्हा उभा करावा लागला. त्यातून पाठभेद निर्माण झाले. ज्यांनी आपला मूळ ग्रंथ असा गमावला आहे, त्यांना पुढच्या प्रतींबद्दल धास्ती वाटावी हे स्वाभाविक होते. शिवाय वेदप्रामाण्य आणि वर्णाश्रम न मानणाऱ्या, स्त्रियांना आणि सर्व जातींना संन्यास देणाऱ्या पंथाला विरोधकांचे भय होतेच. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चक्रधरांचे शब्द हे पंथाला शास्त्र. शास्त्र अनधिकाऱ्याच्या हाती जाऊ नये, त्यात कोणी भर घालू नये, ही भावना त्यामागे होती. या एका बाबतीत लिपीने आपले काम चोख केले. आपल्याकडे लोकप्रिय संतांच्या गाथा नकलकारांच्या, कीर्तनकारांच्या हाती किती वाढल्या आणि किती बदलल्या, हे संपादनशास्त्र शिकवताना आपण पाहतो. महानुभाव पोथ्यांमध्ये तेराव्या-चौदाव्या शतकातील मराठीची रूपे पुष्कळ प्रमाणात शाबूत राहिली, कारण बाहेरच्या हाताला तेथे प्रवेशच नव्हता. ही लिपी पंथाबरोबर पंजाब-पेशावरपर्यंत गेली, आणि ज्यांच्या घरात मराठी बोलली जात नव्हती असे 'जयकृष्णी' अनुयायी तिकडे मराठी पोथ्या जपत राहिले.

परंतु ही लिपी कोणाला फोडता आली नाही म्हणून टिकली, असे मला वाटत नाही. 'लीळाचरित्रा'ची वाक्यरचना पाहा. सर्वज्ञांनी म्हटले, मग भटोबासांनी विचारले, मग सर्वज्ञांनी म्हटले : तेच शब्द पानोपानी त्याच क्रमाने येतात. गुप्त मजकूर उलगडणाऱ्याला याहून सोयीचे काही नसते. पेशवाईच्या दफ्तरात बसलेल्या, मोडीचे धावते वळण डोळे मिटून वाचणाऱ्या एखाद्या चतुर कारकुनापुढे सकळ लिपीतील पोथी ठेवली असती, तर चार दिवसांत त्याने ती वाचली असती अशी माझी खात्री आहे. तशी पोथी त्याच्यापुढे कोणी ठेवली नाही, आणि त्यानेही कधी मागितली नाही. कुलूप सोपे होते. ते लागून राहिले, कारण आतल्यांनी विश्वास राखला आणि बाहेरच्यांना आत काय आहे याची जिज्ञासा नव्हती. यांतील दुसऱ्या कारणाचा विचार आपण फारसा करीत नाही.

विश्वास सुटला की लिपी असो वा नसो, गुपित राहत नाही. मुरबाड तालुक्यातच सिद्धगडाचे उदाहरण आहे. भाई कोतवालांचा आझाद दस्ता महिनोन्‌महिने पोलिसांना सापडला नाही. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे गोळीबारात हुतात्मा झाले, ते फितुरीने ठावठिकाणा कळल्यामुळे.

सकळ लिपीच्या बाबतीत फितुरी झाली नाही; झाली ती जिज्ञासा, आणि तिच्यात आमच्या ठाणे जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. विनायक लक्ष्मण भावे यांचा जन्म १८७१ चा, पळस्प्याचा. पण त्यांचे कार्य ठाण्याचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघाले, ते त्यांच्या पुढाकाराने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी 'महाराष्ट्र सारस्वत' प्रथम लिहिले, तेव्हा त्यात महानुभाव वाङ्मयाला स्थान नव्हते. असणार कसे? ते वाचलेच नव्हते कोणी. मराठी वाङ्मयाचा पहिला मोठा इतिहासकार पहिल्या गद्यग्रंथावाचून इतिहास लिहीत होता. पुढच्या दोन दशकांत राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला, आणि भावे यांनी महंतांशी संबंध जोडून, त्यांचा विश्वास संपादन करून पोथ्या आणि त्यांची किल्ली मिळवली. १९१९ साली 'सारस्वता'ची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मराठी वाङ्मयाचा आरंभच बदललेला होता. राजवाड्यांचे कर्तृत्व बुद्धीचे आणि भाव्यांचे माणसे जोडण्याचे, अशी विभागणी करण्याचा मोह मला होतो. ती पुरती न्याय्य नाही, पण वर्गात उपयोगी पडते : एकाने कुलूप उघडले, दुसऱ्याने दार ठोठावले. त्यानंतर य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांनी आपापली आयुष्ये या पोथ्यांत घातली.

आसनगावहून ठाण्याला लोकलने तासा-सव्वा तासात पोचता येते. दरवर्षी काही मुलांना मी ग्रंथसंग्रहालयात नेतो. मुरबाडच्या मुलांना आधी कल्याणपर्यंत एसटीने यावे लागते, त्यामुळे ती कंटाळून येतात, आणि भाव्यांच्या गोष्टीपेक्षा ठाण्याच्या स्टेशनाबाहेरच्या वडापावात त्यांना अधिक रस असतो. असो. एका वर्षी मात्र एका मुलाने घरून एक कागद आणला होता. आजोबांच्या पेटीतला, मोडीतला, जमिनीचा. "सर, ही पण गुप्त लिपी का?" मोडी गुप्त नव्हती, ती लवकर लिहिता यावे म्हणून होती, आणि दीडशे वर्षांपूर्वी गावच्या कुलकर्ण्याने ती उघड्यावर बसून वाचली असती. शाळांतून ती गेली आणि दोन पिढ्यांत घरच्याच माणसांना घरचा कागद वाचता येईना. रवळोबासांनी जे मुद्दाम केले, ते आपण निष्काळजीपणाने केले. त्या कागदावर कोणाच्या हिश्शाची जमीन आहे, हे त्या मुलाच्या घरी आजही कोणाला ठाऊक नाही. मला मोडी अडखळत येते. मी वाचले ते त्याला सांगितले, आणि जाणकाराला दाखवून घे असेही सांगितले.

लिपी बंद ठेवण्याची किंमत महानुभावांनी एका निराळ्याच नाण्यात मोजली. जे वाचता येत नाही, त्याविषयी लोक काहीही बोलतात. काळी वस्त्रे, गुप्त पोथ्या, देवळांपासून दूर राहणे. या सर्वांचा अर्थ बाहेरच्यांनी आपल्या मनाने लावला, आणि 'मानभाव' या पंथनामापासून 'मानभावी' हे विशेषण मराठीत ढोंगी, आतून एक बाहेरून एक, या अर्थाने रूढ झाले. मोल्सवर्थच्या कोशात तो अर्थ आहे, आजच्या कोशांत आहे, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत आहे. पोथ्या वाचून, छापून, अभ्यासक्रमाला लावून शंभर वर्षे झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण मोठ्या अभिमानाने 'लीळाचरित्रा'चे नाव घेतले. शब्द मात्र होता तेथेच आहे.

या सत्रात एका उत्तरपत्रिकेत वाक्य आले : 'महानुभाव पंथाच्या विरोधकांनी मानभावीपणाने त्यांच्यावर आरोप केले.' लिहिणारी मुलगी वर्गातील सर्वांत हुशार. तिला बोलावून शब्दाची हकिकत सांगितली. ती काही वेळ गप्प राहिली, मग विचारले, "पण सर, मग तिथं काय लिहायचं?" 'ढोंगीपणाने' तिला फार उघड वाटले. 'साळसूदपणाने' चालेल का, असे तिनेच सुचवले. चालेल, म्हटले. तिने खोडून वर बारीक अक्षरात तो शब्द लिहिला.